शंभरपैकी त्र्याण्णव

ताटात सहा पदार्थ होते. दुधात कुस्करलेली पाऊण भाकरी, मुगाची पातळ आमटी अर्धी वाटी, मऊ शिजवून घोटलेला दोडका तीन चमचे, घरचं दही एक लहान वाटी, हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर दोन चमचे, आणि ताटाच्या कडेला बोटभर शेंगदाण्याची चटणी. चटणी अक्काला गिळता येण्यासारखी नव्हती, पण चटणीशिवाय वाढलेलं ताट तिला ताट वाटलं नसतं, म्हणून ती असायची. पाऊण तासानं मी पुन्हा मोजलं. सहाही पदार्थ जिथल्या तिथे होते. दही दीड चमचा कमी झालं होतं आणि त्यातला एक चमचा अक्काच्या गळ्याखालच्या रुमालावर सापडला.

"अर्धा चमचा," मी म्हणाले.

"ताई, रुमालावरचंबी धरा की. तोंडापर्यंत तर गेलतं," नसीम म्हणाली.

"पोटात गेलेलं तेवढंच धरायचं."

"बघा अक्का," नसीम खाटेकडे वळली, "शाळेत मी चौथीत नापास झालते. आता तुमच्यापायी परत होणार."

अक्का हसली. पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यापासून ती डाव्या अर्ध्या ओठानं हसायची. पण नसीमनं चमचा पुन्हा पुढे केला तसे तिनं ओठ मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. नसीमनं चमचा खाली ठेवला. मग ताट झाकून तिनं बाजूला ठेवलं आणि स्वतःचा डबा घेऊन मागच्या अंगणात गेली.

चंद्राक्का तेरदाळे माझ्या वडिलांची आत्या. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत तिची लिंगायत खानावळ होती. आमच्या घरातले सगळे, आणि खानावळीत जेवणारे सगळे मेंबर, तिला अक्काच म्हणायचे. तिच्या माडीवरच्या खोलीत राहून, कोल्हापूरला जाऊन-येऊन, मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. माझी शेवटची परीक्षा झाली आणि त्याच हिवाळ्यात अक्काला झटका आला. वाचा गेली. "नको" आणि "हं" एवढेच दोन शब्द उरले. खानावळ बंद झाली आणि जिथं पंगती बसायच्या त्या पुढच्या दालनात, दोन बाकं भिंतीला सरकवून, अक्काची खाट आली.

पहिला महिना माझी आई येऊन राहिली. तेव्हा अक्का बऱ्यापैकी खायची. आई गावी परतली आणि 'ओसरी शुश्रूषा केंद्र' नावाच्या संस्थेची नसीम नदाफ रोज सकाळी आठ ते रात्री आठ यायला लागली. ओसरीकडे अशा बऱ्याच बायका होत्या. त्या घरोघर जाऊन आजाऱ्यांचं सगळं करायच्या. नसीम आली त्याच आठवड्यापासून अक्काचं खाणं कमी झालं. डॉक्टरांनी घसा तपासला, गिळणं तपासलं, दोन्ही ठीक होतं. वजन मात्र उतरत होतं. ते म्हणाले, "अडतीस किलोच्या खाली गेल्या तर नाकातून नळी घालावी लागेल. मग घरी ठेवणं अवघड."

अक्काचा मुलगा शिवानंद पुण्याला होता. मी त्याला शिवाकाका म्हणायचे. नळी घालायची वेळ आली तर तो तिला पुण्याच्या एका शुश्रूषागृहात हलवणार होता. खाटेवर आडवी पडून का होईना, अक्का आपल्या खानावळीत होती. पुण्याचं नाव निघालं की तिचा डावा हात चादर गच्च धरायचा.

"गिरू," शिवाकाका फोनवर म्हणाला होता, "तू शास्त्र शिकलीयस. मला गोडगोड काही सांगू नकोस, आकडे सांग. ही एजन्सी चांगली का वाईट?"

मला काम मिळाल्याचा आनंदच झाला. मी शंभर गुणांचा तक्ता आखला. हात धुणं, कूस बदलणं, औषधं, पाठीची त्वचा, व्यायाम, स्वच्छता, वेळ पाळणं, आजाऱ्याशी बोलणं, जेवण. आठवडाभर मी खाटेच्या पायथ्याशी पेन्सिल घेऊन बसले. नसीमला याचा राग यायला हवा होता, पण तिला त्याची मजाच वाटायची. अक्काची कूस बदलताना ती मोठ्यानं म्हणायची, "लिहा ताई, डावीकडं वळवलं. अक्का, हसा जरा, त्याचेबी मार्क असतील."

अक्काच्या पाठीवर एक लालसर डाग नव्हता. नखं कापलेली असायची. वेणी रोज नवी, आणि रोज वेगळ्या बाजूला, कारण एकाच बाजूच्या वेणीनं उशीवर डोकं दुखतं. उजव्या हाताची बोटं नसीम एकेक करून उघडायची आणि मिटायची, आणि प्रत्येक बोटाला एका मेंबरचं नाव द्यायची. ही नावं अक्काच्या "हं" आणि "नको"मधून तिनं माझ्या मदतीनं काढून घेतली होती. "हे देसाई कंपौंडर, उठा. हे लॅबवाले, उठा. हा करंगळीएवढा डॉक्टर, ह्यो उधारीवाला, ह्याला झोपू दे."

ओसरीच्या संचालिका रूथ मकासरे दर शनिवारी न सांगता फेरी मारायच्या. मोठ्या दवाखान्यात मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या, पांढऱ्या साडीच्या, चालण्यात अजूनही वॉर्ड असलेल्या बाई. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्या शनिवारी त्यांनी अक्काची पाठ पाहिली, औषधं पाहिली आणि माझ्यासमोर बाकावर बसल्या.

"तू आम्हाला मार्क देतेयस म्हणे. किती दिले?"

"शंभरपैकी त्र्याण्णव."

"सात कुठे गेले?"

"जेवणात. जेवणाला दहा होते, त्यातले तीन दिले."

"पेशंट जेवत नाही आणि आम्हाला त्र्याण्णव?" सिस्टर म्हणाल्या. "तू परीक्षा पास कशी झालीस गं?"

नसीम अंगणात तोंडाला पदर लावून हसली, ते मला ऐकू आलं.

"बाकी सगळं चांगलं आहे म्हणून," मी म्हणाले.

"बाकी सगळं चांगलं असलेले पेशंट मी पुष्कळ पोचवलेत. ही जेवली पाहिजे. का जेवत नाही ते शोध, मीही शोधते. तोवर तुझ्या त्या कागदाची घडी घाल."

मी घडी घातली नाही, पण नवे प्रयोग सुरू केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मीठ कमी, मीठ जास्त. स्टीलचा चमचा, लाकडी चमचा, नुसता हात. अक्काचं तोंड दाराकडे, मग खिडकीकडे. कोमट आमटी, गरम आमटी. माझ्याकडे प्रयोगशाळेतला जुना तापमापक होता, तो आमटीत बुडवल्यावर नसीमनं काळजीनं विचारलं, "किती हाय ताप आमटीला? डॉक्टरसाहेबांना बोलवू?"

यातल्या कशाचाही काही उपयोग झाला नाही. सकाळची नाचणीची आंबील अक्का मुकाट घ्यायची, ती एवढीशी. दुपारी ओठ मिटलेले. रात्री नसीम गेल्यावर मी भरवायचे, तेव्हाही दोन-चार चमच्यांवर "नको".

वजन दर सोमवारी सकाळी, आंबिलीच्या आधी करायचं असं मी ठरवलं होतं. त्यासाठी खानावळीचाच काटा होता. ज्वारीची पोती तोलायचा, जमिनीवरचा, लोखंडी. समोरच्या दांडीवर पितळी वजन सरकवायचं. अक्काला खुर्चीत बसवून नसीम आणि मी ती खुर्ची काट्याच्या फळीवर चढवायचो आणि आलेल्या आकड्यातून खुर्ची वजा करायचो. प्रयोग सुरू केले तेव्हा अडतीस किलो सहाशे ग्रॅम होते. पुढच्या सोमवारी अडतीस किलो शंभर.

मंगळवारी मला प्रमाणपत्रासाठी कोल्हापूरला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर ताट रिकामं. धुतलेलं नव्हतं, मला दाखवायला तसंच झाकून ठेवलेलं. पाचही पदार्थ संपलेले आणि चटणीसुद्धा निम्मी गेलेली.

"अक्कानं खाल्लं?"

"सगळं. आमटी परत घेतली."

मी अक्काकडे पाहिलं. ती झोपली होती. मग मला बाकावर नसीमचा डबा दिसला. तोही रिकामा होता.

"नसीम, काही वेगळं केलंस का आज?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एक चूक झाली ताई. सकाळी घरात काही खाल्लं नव्हतं, बारालाच चक्कर यायला लागली. अक्काच्या आधी मी जेवले. इथंच, ह्या बाकावर. आमच्यात तसं चालत न्हाई. लिहा तुम्ही."

ओसरीच्या प्रत्येक बाईच्या ओळखपत्रामागे नियम छापलेले होते. त्यातला पहिलाच होता: रुग्ण जेवल्याशिवाय आपण जेवू नये. म्हणून तर ती रोज अक्काचं ताट झाकून मग अंगणात जायची.

मला नियमापेक्षा ताटात रस होता. एकदा घडलेली गोष्ट पुन्हा घडवून पाहायची, एवढं मला शिकवलं होतं. बुधवारी मी नसीमला म्हटलं, कालच्यासारखंच कर, आधी तू जेव. ती संकोचत बाकावर बसून जेवली. अक्का तिच्याकडे बघत होती. नसीमनं डबा पुसला, ताट घेतलं, चमचा पुढे केला. अक्कानं ओठ मिटले. मी पायथ्याशी पेन्सिल घेऊन बसले होते. नसीमनं पुन्हा पुन्हा विनवलं. अक्का एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे, आणि मग भिंतीकडे.

"काल खाल्लं हो ताई," नसीम म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "खोटं न्हाई सांगत."

रात्री मी शिवाकाकाला दोन्ही दिवसांचं सांगितलं.

"तू घरात नसलीस की ताट रिकामं होतं, आणि असलीस की होत नाही," तो म्हणाला. "ते जेवण कुणाच्या पोटात गेलं, हे समजायला एम.एस्सी. लागत नाही गिरू."

"नसीम तशी नाही काका."

"तू आकडे देणार होतीस. ह्या रविवारी मला जमत नाही, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. सोमवारी वजन करू, अडतीसच्या खाली गेलं असलं की लगेच निघू. आणि त्या बाईला उद्यापासून बंद कर."

नसीमला बंद करायच्या आधी मी सिस्टरना फोन केला. गुरुवारी अकराच्या सुमाराला त्या आल्या. नसीम पायरीवर बसली होती, काकाचं म्हणणं माझ्याकडून ऐकून डोळे सुजलेले. सिस्टरनी तिला आत बोलावलं, अक्काच्या समोर उभं केलं आणि विचारलं, "खाल्लंस?"

"आईची शपथ, न्हाई. अक्कानंच खाल्लं. चटणीकडं बोट केलं, म्हणून मी जिभेवर जरा टेकवली."

"चटणी दिलीस? ठसका लागला असता म्हणजे? त्याचं नंतर बघते." सिस्टर माझ्याकडे वळल्या. "माझा हिच्यावर विश्वास आहे. पण माझा विश्वास तुझ्या काकाला पुरणार नाही. तू सांग. मंगळवार आणि बुधवार. काय वेगळं होतं?"

"जेवण तेच. वेळ तीच. दोन्ही दिवशी नसीम आधी जेवली. चमचा तोच."

"मग?"

मी विचार केला. "मी नव्हते."

"मग आज हो बाहेर. मीही येते. नसीम, तू आधी जेव. मी सांगते म्हणून जेव."

दालन आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती. त्या खिडकीतून भाकऱ्या बाहेर सरकवल्या जायच्या. सिस्टर आणि मी स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या बाजूला उभ्या राहून तिथून बघत होतो. नसीम जेवली. हळूहळू, एकेक घास. अक्का मान वळवून तिच्या डब्याकडे बघत राहिली. डबा रिकामा झाला, नसीमनं हात धुतला आणि चमचा पुढे केला.

अक्कानं तोंड उघडलं.

एक चमचा, दुसरा, तिसरा. मी बोटांवर मोजत होते. आठव्या चमच्याला सिस्टरनी माझा दंड धरला. "बघ," त्या कुजबुजल्या. मला राहवलं नाही. ताटात नेमकं किती उरलंय ते बघायला मी दालनात गेले.

अक्कानं मला पाहिलं आणि ओठ मिटले.

"अक्का, घ्या की," नसीम म्हणाली. "ताईच हायेत."

अक्काचा डावा हात चादरीतून बाहेर आला. तिनं ताटाची कड धरली आणि ताट ढकललं. नसीमनं ते परत जागेवर ठेवलं. अक्कानं पुन्हा ढकललं. बाजूला नाही, माझ्याकडे. मग तिनं खाटेच्या कडेवर तळहात दोनदा थोपटला. दोन वर्षं मी तो हात बघत आले होते. दारात घुटमळणाऱ्या नव्या मेंबरला ती असाच बाक थोपटून दाखवायची. बस.

खिडकीतून सिस्टरचा आवाज आला. "गिरिजा, तू जेवलीस?"

"नाही. अक्काच्या नोंदी झाल्या की जेवते."

"रोज?"

"रोज."

"आणि मंगळवारी कोल्हापुरात?"

"तिथं कँटीनमध्ये—"

"ते अक्काला काय दिसणार," नसीम म्हणाली आणि म्हणता म्हणता थांबली.

सिस्टर बाहेर येऊन बाकावर बसल्या. मग त्या म्हणाल्या, "अगं, खानावळवाली ती."

मला ते ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटचा मेंबर हात धुऊन चूळ भरेपर्यंत अक्का जेवायची नाही. एखाद्या डॉक्टर पोराची शस्त्रक्रिया लांबली तर चार वाजेपर्यंत भाकरी झाकून बसायची. तिला आधी जेवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझी आई मधुमेहाची. इन्सुलिन टोचून ती आधी जेवून घ्यायची, मलाही बरोबर बसवायची आणि मग अक्काला भरवायची. सकाळी नसीम घरून खाऊन यायची, माझे चहा-पोहे झालेले असायचे, म्हणून आंबील चालायची. रात्री मी अक्काला भरवून मगच पान घ्यायचे. आणि दुपारी दोघी उपाशी बायका, एक चमचा घेऊन आणि एक पेन्सिल घेऊन, तिच्यासमोर बसत होत्या.

मी भाकरी आणि आमटी वाढून घेतली आणि खाटेच्या कडेवर बसले. अक्का माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. आमटी संपली तशी तिनं नसीमकडे पाहिलं, नसीमनं वाटी पुन्हा भरली. माझं झाल्यावर नसीमनं अक्कापुढे चमचा धरला. अक्कानं मान वळवली. आता ती सिस्टरकडे बघत होती.

"मी घरी जाऊन जेवणार आहे," सिस्टर तिला म्हणाल्या.

अक्कानं खाट थोपटली.

"वॉर्डात पेशंट माझं ऐकायचे," सिस्टर म्हणाल्या आणि चपला काढून बसल्या. "वाढ गं. थोडंच."

थोडं वाढलेलं अक्काला चाललं नाही. सिस्टर दीड भाकरी जेवल्या. मग आम्ही अक्काची आमटी पुन्हा गरम केली आणि ती जेवली. मी मोजायला विसरले.

हात पुसता पुसता सिस्टरनी नसीमचं ओळखपत्र उलटून पाहिलं. "हा नियम मीच केलाय. वॉर्डात एका आयाला पेशंटच्या ताटातली मोसंबी सोलताना पकडलं होतं, त्या संध्याकाळी बसून लिहिला. चांगला नियम आहे. सगळ्या घरांत चांगला आहे." त्यांनी तिथूनच कचेरीत फोन लावला. "तेरदाळे अक्कांकडे जी कुणी जाईल तिला सांगा, आधी जेवायचं. त्यांच्यासमोर, बसून. उभ्याउभ्या नाही. आणि आजपासून नव्या पेशंटकडे गेलं की पहिल्या दिवशी विचारायचं, तुम्ही घरात कधी जेवत होता, कुणाबरोबर. हो, लिहून घ्या. आपण विचारलं नव्हतं." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "नियमाचे मार्क काप."

"पाच कापले तर अठ्ठ्याऐंशी होतात."

"होऊ देत. बाजारात त्र्याण्णववाल्या पुष्कळ आहेत."

नसीम म्हणाली, "माझे कापू नका, मी तर आधीच मोडलाता."

"तुझे चटणीचे कापतेय मी," सिस्टर म्हणाल्या.

शिवाकाकाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हे काय शास्त्र झालं?" मधल्या सोमवारी वजन होतं तेवढंच भरलं, आणि ठरलेल्या रविवारी दिवेलागणीला तो गाडी घेऊन आला. गाडीत मागच्या सीटवर गादी अंथरलेली होती. नसीमला रविवारी सुट्टी असायची, तिच्या जागी आलेली बाई लवकर गेली होती. मी आधीच जेवून घेतलं होतं. अक्काचं ताट वाढून मी काकाच्या हातात चमचा दिला.

"अव्वा, खा," तो म्हणाला. तो एकटाच तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा.

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं खाट थोपटली.

"मी कराडला जेवलोय अव्वा. भूक नाही."

तिनं मान भिंतीकडे वळवली. काकानं माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन त्याचं पान वाढून आणलं. समजूत काढायची म्हणून त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट खाली ठेवलं. अक्काची नजर ताटावरून हलली नाही. त्यानं ताट पुन्हा उचललं. एक भाकरी संपली, दुसरी मी न विचारता वाढली. खाता खाता त्याचा वेग वाढला; बहुतेक कराडला तो काही जेवला नव्हता.

"झालं," तो म्हणाला. "आता?"

अक्का दाराकडे बघत होती. बाहेर गाडीचं दार उघडं होतं आणि ड्रायव्हर पाय बाहेर सोडून बसला होता.

"महादेव," काकानं हाक मारली, "आत या. जेवून घ्या. नाही म्हणू नका, उगीच वेळ जाईल."

महादेव बाकावर बसून जेवला, हात धुतला. मग अक्कानं तोंड उघडलं. काकानं चमच्या-चमच्यानं निम्मं ताट भरवलं.

"लहानपणी मी खेळून अंधार पडल्यावर यायचो," तो मग म्हणाला. "ही चुलीपाशी बसलेली असायची. मला वाटायचं, हिला भूकच लागत नाही."

"हं," अक्का म्हणाली.

सोमवारी सकाळी नसीम नेहमीपेक्षा लवकर आली. तिच्या मागोमाग सिस्टरही आल्या. आज येण्याचं काहीच कारण नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आंबील चुलीवर होती. आम्ही सगळ्यांनी मिळून खुर्ची काट्याच्या फळीवर चढवली. गादी अंथरलेली गाडी दारात उभी होती, अक्काला ती बसल्या जागेवरून दिसत होती.

मी दांडीकडे हात नेला तर अक्का म्हणाली, "नको."

तिनं स्वतःचा डावा हात पुढे केला. ज्वारीची पोती तोलून घ्यायचं काम तिनं कधी कुणावर सोपवलं नव्हतं. पितळी वजन तिनं अंगठ्यानं ढकललं. ते जास्त पुढे गेलं, दांडी खाली आली. तिनं ते एक खूण मागे घेतलं, मग अर्ध्या केसाएवढं पुढे. दांडी वर-खाली झाली आणि मधोमध थांबली.

शिवाकाका वाकला. "माझा चष्मा गाडीत राहिला," तो म्हणाला. "गिरू, तू वाच."

पन्नास किलो शंभर ग्रॅम. त्यातून खुर्ची वजा, अकरा किलो चारशे. अक्काचं वजन अडतीस किलो सातशे ग्रॅम.